ॲप फुकट, खर्च स्टँडचा

भंडारा जिल्ह्यात फिरणाऱ्या माणसाने रस्ता दाखवणाऱ्या ॲपसाठी एक रुपयाही मोजू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पैसे लागतात ते स्टँडला, चार्जरला आणि रस्ता चुकल्यावर जळणाऱ्या पेट्रोलला. यातलं पेट्रोल कुणी हिशेबात धरत नाही.

आधी एक गैरसमज काढून टाकू. रिचार्ज संपला म्हणून जीपीएस बंद पडत नाही. उपग्रहांचा संकेत फुकट असतो आणि सिम नसलेल्या फोनलाही मिळतो. इंटरनेट लागतं ते नकाशा उतरवायला, पत्ता शोधायला आणि पुढे जाम आहे का ते कळायला. कोक्याच्या किंवा नागझिऱ्याच्या जंगलात रेंज गेली की निळा ठिपका कोऱ्या पडद्यावर सरकताना दिसतो तो यामुळेच. तेव्हा ॲप निवडताना पहिला प्रश्न हा: नेटशिवाय चालतं का?

गूगल मॅप्स चालतं, पण आधी तयारी केली असेल तर. घरी वायफायवर ॲप उघडा, वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या गोल चित्रावर बोट ठेवा, ऑफलाइन नकाशांत जा आणि चौकट तुमसरपासून लाखांदूरपर्यंत, पश्चिमेला जमल्यास नागपूरपर्यंत ताणा. किती एमबी लागतील ते तिथेच दिसतं. हा नकाशा कायमचा नसतो, मधूनमधून ताजा करावा लागतो. शिवाय नेट नसताना तो चारचाकीचाच रस्ता सांगतो. जाम, पर्यायी रस्ता, पायी जाण्याची वाट यातलं काही मिळत नाही. दुचाकीची वेगळी सोय गूगलने 2017 मध्ये पहिल्यांदा भारतातच आणली, ती नेट असताना वापरायची. दुकान, दवाखाना किंवा लग्नाचं मंगल कार्यालय शोधायला मात्र याच्या तोडीचं दुसरं ॲप नाही.

जोडीला ऑर्गॅनिक मॅप्स ठेवा. स्वयंसेवकांनी काढलेल्या ओपनस्ट्रीटमॅपवर ते चालतं. जाहिराती नाहीत, खातं उघडायची कटकट नाही, आणि एकदा नकाशा उतरवला की नेट लागत नाही. दुकानं त्यात कमी सापडतात. ओस्मअँडही त्याच नकाशावर चालतं; त्याच्या मोफत आवृत्तीत 7 नकाशे उतरवता येतात, आपल्या कामाला ते पुरून उरतात. देशी पर्याय म्हणजे मॅपमायइंडियाचं मॅपल्स. तेही मोफत, आणि वेगमर्यादा, गतिरोधक, खड्डे यांची सूचना देतं. नागपूर-रायपूर महामार्गावर, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग 53 वर, रोज गाडी असेल तर ते वापरून बघा. सिजिकसारख्या ॲपची पैसे भरून मिळणारी आवृत्ती परदेशी फिरणाऱ्याला कामाची असेल. पवनी ते साकोली जाणाऱ्याने त्यात पैसे घालू नयेत.

आता खरी गोम गावांच्या नावांत. लाखनी तालुक्यात मुरमाडी सावरी आहे आणि मुरमाडी तुपकरही आहे. पिंपळगाव सडक लाखनीकडे, पिंपळगाव कोहळी लाखांदूरकडे. नुसतं ‘पिंपळगाव’ टाकून निघालात तर कुठलंही ॲप वाया. रेल्वेने येणाऱ्या पाहुण्याला सांगून ठेवा, भंडारा रोड स्टेशन शहरात नाही, वरठीला आहे. सफारीला जाताना ‘नागझिरा’ एवढंच लिहू नका. बुकिंग पिटेझरीचं आहे की चोरखमाऱ्याचं ते पाहून त्या गेटचं नाव टाका. सगळ्यात सोपं म्हणजे ज्याच्याकडे जायचं त्याच्याकडून व्हॉट्सॲपवर लोकेशन मागवणं. तेही तो घरी असताना. नाही तर तो बाजारात उभा असायचा आणि तुम्हीही बाजारातच पोचायचे.

गोसीखुर्दच्या पाण्यामुळे काही गावं उठून नव्या जागी वसली. अशा गावाला जाताना जुनं गावठाण की पुनर्वसनाची वस्ती, हे फोन करून विचारूनच निघा. पाण्याच्या बाबतीत नकाशावर विसंबणं जिवावर बेतू शकतं. जानेवारी 2021 मध्ये अकोले तालुक्यात कळसूबाईकडे निघालेली गाडी रात्री नकाशाच्या भरवशावर धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर उतरली. दोघे पोहून वाचले, एक बुडाला. आपल्याकडे ऑगस्ट 2020 च्या वैनगंगेच्या पुराने काय केलं ते सांगायला नको. रपट्यावरून पाणी वाहतंय हे ॲपला कळेलच असं नाही.

‘टोल टाळा’ हे बटण दाबण्याआधीही जरा हिशेब करा. गूगल टोलचा अंदाज दाखवतं. तेवढे पैसे वाचवायला गावरस्त्याने किती किलोमीटर जादा पडतात ते पाहा, मग ठरवा.

राहिला सामानाचा खर्च. दुचाकीचा साधा स्टँड दोन-तीनशेपासून मिळतो, कारचा चार्जरही साधारण त्याच भावात. महागडा फोन असेल तर कंजुषी नको. मोटरसायकलच्या इंजिनाच्या थरथरीने आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असा इशारा खुद्द ॲपलने 2021 मध्ये दिला होता. अशा फोनला हादरे शोषणारा स्टँड घ्या, तो हजाराच्या घरात जातो. नवा स्वस्त फोन घेताना त्यात होकायंत्राचा सेन्सर आहे का विचारा. नसेल तर फाट्यावर थांबल्यावर बाण भलतीकडे तोंड करतो आणि दहा-वीस पावलं चालल्याशिवाय दिशा कळत नाही. फक्त वायफायवर चालणाऱ्या कित्येक टॅबलेटमध्ये जीपीएसच नसतं, ते या कामासाठी घेऊ नका. जुना फोन घेताना दुकानाबाहेर उघड्यावर या, विमान मोड लावा आणि दोन-चार मिनिटं वाट बघा. ठिपका जागेवर आला तर फोन घ्या.

ऑक्टोबर 2020 पासून गाडी चालवताना फोन फक्त रस्ता पाहण्यासाठी, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरायला परवानगी आहे. एका हातात धरून चालवाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 खाली दंड 1000 ते 5000 रुपये. तेवढ्यात कितीतरी स्टँड येतात.

आणि तुमच्या गावाचं नाव किंवा रस्ता नकाशावर चुकलेला दिसला, तर गूगलवर ‘बदल सुचवा’ दाबून किंवा ओपनस्ट्रीटमॅपवर खातं उघडून तो दुरुस्त करा. त्यालाही पैसे लागत नाहीत.