सिव्हिलला जायचंय? आधी गिलावा बघा

दहावीचा निकाल लागला की मंचर, नारायणगाव, ओतूरकडचे पालक एकच प्रश्न घेऊन येतात: सिव्हिलला घातलं तर पोरगं उन्हात गवंड्यांमागे फिरणार का? फिरणारच, आणि फिरायलाच हवं. अवसरी खुर्दला शासकीय तंत्रनिकेतन आहे, अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. प्रवेश घ्या, पण त्याआधी मुलाला किंवा मुलीला गावातल्या एखाद्या चालू बांधकामावर न्या. अठरा पूर्ण नसतील तर काम करायला नाही, नुसतं बघायला. आणि तिथे गिलावा कसा होतो ते बघा.

गुळगुळीत काँक्रीटवर माल धरत नाही, म्हणून कॉलमला आधी टाचे मारतात. कॉलम आणि विटांच्या सांध्यावर कोंबडीजाळी ठोकतात. ती राहिली, की नेमकी तिथेच उभी चीर पडते, कारण दोन्ही वस्तू उन्हात सारख्या फुगत नाहीत. भिंत भिजवून घेतात, नाहीतर कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते. मग ओळंबा सोडून ठिय्ये, म्हणजे गिलाव्याची जाडी ठरवणाऱ्या खुणा, मारायचे, मधे माल थापायचा, पट्टी ओढायची आणि रंधा फिरवायचा. ठिय्या चुकला तर पुढची सगळी भिंत चुकते. चांगला गवंडी सगळ्यात जास्त वेळ तिथेच घालवतो.

आतल्या भिंतीला साधारण 12 मिमी गिलावा, एकास पाच किंवा सहाचा सिमेंट-वाळूचा माल. छताला मात्र 6 मिमीच, पण एकास तीन किंवा चारचा: थर हलका हवा आणि चिकटायलाही हवा. बाहेरून दोन हातांचा 20 मिमी सँडफेस. आहुपे, भीमाशंकरकडच्या पावसात त्यात कसर केली की पहिल्याच पावसाळ्यात ओल आत येते. सिमेंटच्या गिलाव्याला किमान सात दिवस पाणी मारावं लागतं. जिप्समला ते लागत नाही, पण बाथरूममध्ये आणि बाहेरच्या भिंतीला जिप्सम चालत नाही.

जुन्या वाड्यांची डागडुजी हे वेगळं आणि मला फार मोलाचं वाटणारं काम. चुन्यात गूळ, बेलफळ, हिरडा घालायची जुनी रीत संवर्धनाच्या कामात आजही लागते. पश्चिम जुन्नर-आंबेगावच्या आदिवासी घरांना हिरडा परका नाही. चुन्याचा गिलावा जाणणारे हात मात्र फार थोडे उरलेत.

ज्यांना लवकर कमावायचंय त्यांच्यासाठी आयटीआयचा गवंडीकामाचा ट्रेड एक वर्षाचा आहे. तो जवळ कुठे चालू आहे, ते प्रवेशाच्या वेळी बघून घ्या. सोबत मोजमाप शिका: मजुरी स्क्वेअर फुटावर किंवा ब्रासवर ठरते, आणि गिलाव्याचा एक ब्रास म्हणजे 100 स्क्वेअर फूट. हिशेब येणारा गवंडीच पुढे ठेके घेतो.

आणि घरात आधीच कुणी बांधकामावर असेल, तर महाराष्ट्राच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात त्यांची नोंदणी करा. वय 18 ते 60 आणि मागच्या वर्षभरात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. मुलांच्या शिक्षणाला मंडळाकडून अर्थसाहाय्य मिळतं, त्यामुळे हे काम प्रवेशाच्या धावपळीआधी उरकून घ्या.