निघोजचे रांजणखळगे : एक निरीक्षण

सृष्टिसौंदर्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे महाबळेश्वर नाही तर कोकणचा किनारा उभा राहतो. अवर्षणग्रस्त पारनेर तालुक्यात पाहण्यासारखे काय असणार, अशा समजुतीनेच मी ऐन मे महिन्यात निघोजला गेलो. वाटेवर उघडे माळ आणि बाभळी यांखेरीज काही दिसले नाही. मात्र मळगंगेच्या देवळाजवळ कुकडीच्या पात्रात उतरलो आणि जागीच थबकलो. काळ्या कातळात असंख्य खळगे कोरलेले होते. काही वाटीएवढे, तर काही माणूस सहज बुडेल एवढे खोल.

हे शिल्प घडते कसे? हा कातळ बेसॉल्टचा, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हारसाचा. पुराबरोबर आलेले दगडगोटे त्यातील एखाद्या खोलगट जागी अडकतात, भोवऱ्यात गरगर फिरतात आणि जात्याप्रमाणे कातळ घासतात. खळगा रांजणासारखा खोल होत जातो. त्यावरूनच हे नाव पडले. घासणारा गोटाही झिजून गोल होतो. शेजारशेजारचे खळगे एकमेकांत मिसळले की पात्रात घळ तयार होते.

एक गोष्ट मनात राहिली. ही घडण चालते पुरात, तेव्हा मात्र ती दिसत नाही. दिसते ती पाणी ओसरल्यावर. ज्या उन्हाळ्याला मी रुक्ष म्हणून नावे ठेवीत होतो, त्यानेच हे सौंदर्य मला दाखविले. रुक्ष होती ती माझी समजूत. अपरिचित प्रदेशाला नीरस ठरविण्यापूर्वी आपण निदान त्याच्या नदीपात्रापर्यंत तरी जावे.