पाय टेकवू नकोस, बाय

बाय, अगत्तीला निघालात हे ऐकून बरं वाटलं. आपल्या घणसोलीतली पोरं मालवणला जातात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला अर्धा तास पाण्यात डोकं घालतात, व्हिडिओ काढतात नि घरी येतात. तुम्ही दोघं थेट लक्षद्वीपला चाललात, तेही मुंबईहून जहाजाने. ज्या ‘एम्प्रेस’वर चढणार ते जहाज 1990 सालचं. तेव्हा त्याचं नाव ‘नॉर्डिक एम्प्रेस’ होतं आणि ते मायामीहून बहामाच्या फेऱ्या मारायचं. सकाळी बेटावर माणसं उतरवायची, संध्याकाळी गोळा करायची, हेच त्याचं तरुणपणातलं काम. 2021 मध्ये ते मुंबईच्या धक्क्याला लागलं. माझीही उमर जहाजांवर गेली, त्यातली बरीचशी वेस्ट इंडीजच्या बाजूला. तेव्हा बेटावरची ही उतर-चढ मला पाठ आहे. तुझा बापूस म्हणाला, पोरीला चार गोष्टी सांग. सांगतो, पण जावईबापूंनाही बाजूला बसव.

बॅलार्ड पिअरला जायला घणसोलीहून वाशी, तिथून हार्बरने सीएसएमटी, पुढे टॅक्सी. सामान घेऊन सकाळच्या गर्दीत लोकल पकडायचा हट्ट मात्र करू नका. लक्षद्वीपला जायला परवाना लागतो, तो तयार आहे का ते निघायच्या आधी विचारा, आणि आधार कार्ड मूळचं जवळ ठेवा. एवढं झालं की मुंबईची काळजी संपली.

आता बेटाची. कागदावर लिहिलेलं असतं, जहाज इतके तास थांबणार. ते सगळे तास तुझे नाहीत. प्रवाळाच्या बेटाभोवती पाणी उथळ, मोठं जहाज आत येत नाही. ते बाहेर खोल पाण्यात उभं राहतं आणि माणसं छोट्या बोटींनी किनाऱ्यावर जातात. ग्रँड केमनच्या जॉर्जटाउनला मी हेच बघत आलो: बोटीची रांग, उतरायची रांग, मास्क घ्यायची रांग, मग परतीची रांग. प्रत्यक्ष पाण्यात मिळतो तास-दीड तास. म्हणून जी घाई करायची ती जहाजावरच संपव. पोहायचे कपडे आतून घालून निघ, क्रीम केबिनमध्ये लाव, शौचाला जहाजावरच जाऊन ये, सोनं तिजोरीत ठेव. गार पाण्यात बोटं आक्रसतात आणि अंगठी कधी निसटली ते कळत नाही. मंगळसूत्र स्नॉर्केलच्या नळीच्या पट्ट्यात अडकतं, तेही केबिनमध्येच. सासूबाई काय म्हणतील त्याची चिंता नको, मी बोलतो त्यांच्याशी.

परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ जहाजाच्या घड्याळाप्रमाणे लक्षात ठेव. अगत्तीला घड्याळ आपलंच, पण कॅरिबियनमध्ये जहाजाची वेळ आणि बेटाची वेळ कधी कधी तासाने वेगळी असते, आणि तिथे धक्क्यावरून धावत येणारी माणसं मी डेकवरून पुष्कळ पाहिलीत. समुद्र खवळलेला असला तर कप्तान बेट रद्दही करतो. तिथे हुज्जत घालू नका. त्याला पाणी दिसतं, तुम्हाला पैसे दिसतात.

छोट्या बोटीत उतरताना दोन्ही हात मोकळे हवेत, सामान पाठीवर. बोट लाटेबरोबर वर-खाली होते. ती वर आली की खलाशी हात पुढे करून ‘आता’ म्हणेल, तेव्हाच पाऊल टाक. मध्येच थांबायचं नाही. उलटीचा त्रास असेल तर गोळी आदल्या तासाला घे, मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही.

मास्क निवडायला मात्र वेळ दे. पट्टा न लावता तो तोंडावर ठेव आणि नाकाने हलकासा श्वास आत ओढ. हात सोडल्यावर चिकटून राहिला तर तुझा, पडला तर दुसरा माग. केसांची एक बट जरी आत आली तरी पाणी झिरपणार. पट्टा करकचून आवळला की गळती थांबते असं लोकांना वाटतं. उलट कडा वाकते आणि जास्त गळते. जावईबापूंना मिशी आहे, त्यांनी वरच्या ओठावर थोडं व्हॅसलीन लावावं. मिशी काढायची गरज नाही. काच धुरकट होऊ नये म्हणून आत थुंकायचं, बोटाने पसरायचं, पाण्यात एकदा हिसळायचं. घाण वाटतं, पण जगभर सगळे हेच करतात. चष्म्याचा नंबर असेल तर नंबरचा मास्क मिळतो का ते जहाजावरच विचार. आणि सगळं तोंड झाकणारा नवा प्रकार आलाय, तो मी तरी घालणार नाही. पाणी शिरलं तर पटकन सुटत नाही.

श्वास घ्यायचा तोंडाने, सावकाश, पोटातून. नळीत पाणी आलं तर ‘फू’ करून एकदम जोरात उडवायचं. हे तिथे शिकू नकोस. घरी मोठ्या टबात पाणी भर, मास्क-नळी लावून तोंड घाल आणि पाच मिनिटं तशीच राहा. पहिल्या मिनिटात छाती घाबरते, मग तिचं ती गप्प बसते. त्यानंतर एकदा तरी तरणतलावात जाऊन ये.

आता मुख्य गोष्ट. आपण खाडीची माणसं. चिखलात पाय घालून अंदाज घ्यायचा, कमरेएवढं आहे का गळ्याएवढं ते तळव्याने कळतं. निवट्या, चिंबोऱ्या धरणाऱ्याचे डोळे पायात असतात. तिथे हीच सवय घातक. लगूनमध्ये, म्हणजे रीफच्या आतल्या उथळ पाण्यात, पाय खाली गेला की तो प्रवाळावर पडतो. डोक्याएवढा गोल प्रवाळ वर्षाला सेंटिमीटरभर वाढतो, तुझा एक पाय त्याचं कितीतरी वर्षांचं काम मोडतो. आणि तोही तुला सोडत नाही: अग्निप्रवाळ चटका देतो, समुद्री साळिंदराचा काटा तळव्यात मोडतो, खरचटलं तर जखम दिवसेंदिवस चरत राहते. खरचटलंच तर गोड्या पाण्याने आणि साबणाने चोळून धू, आतली कच राहता कामा नये. दमलीस तर उभी राहायला बघू नकोस. पाठीवर हो, लाइफ जॅकेट तुला धरून ठेवेल. त्याचा खालचा पट्टा घट्ट हवा, नाहीतर जॅकेट कानापर्यंत चढतं. फिन्स घातल्यावर मागे मागे चालत पाण्यात शिर, पुढे चाललीस तर तोंडावर पडशील.

त्यात पाणी फसवं. आपली खाडी गढूळ, ती काहीच दाखवत नाही. तिथलं पाणी सगळं दाखवतं पण खोटं अंतर सांगतं. मास्कमधून वस्तू आहे त्याच्या पाऊण अंतरावर आणि मोठी दिसते. हात लांब कर म्हणजे मासा कुठे आहे ते कळेल, पण त्याला लावू नकोस.

भरती-ओहोटीचंही वेगळं. मुंबईला आवस-पुनवेच्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं. लक्षद्वीपला फरक मीटर-दीड मीटरचाच. म्हणून लोक तिकडे भरतीकडे बघतच नाहीत. पण ओहोटीला लगूनमधलं पाणी रीफच्या फटीतून बाहेर धावतं. त्या फटीकडे जायचं नाही. आधी प्रवाहाच्या विरुद्ध जा, दमल्यावर तोच तुला परत आणील. ओढला गेलात तर त्याच्याशी झुंजू नका, आडवे पोहत बाहेर पडा.

जावईबापू, हे तुमच्यासाठी. बुडी मारून जास्त वेळ राहायचं म्हणून आधी भराभरा दहा-बारा श्वास घेऊ नका. त्याने अंगातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, श्वास घ्यावासा वाटायची सूचनाच उशिरा येते आणि प्राणवायू आधी संपतो. माणूस न तडफडता बेशुद्ध होतो. चांगले पोहणारेच असे जातात. दोघं हाताच्या अंतरावर राहा. ठीक असेल तर डोक्यावर हाताने गोल करायचा. हात हलवला म्हणजे मदत पाहिजे, म्हणून फोटोसाठी पाण्यातून हात हलवायचा नाही.

पाठ जळते, कारण ती तासभर उन्हाला तोंड करून असते आणि गार पाण्यात कळत नाही. पूर्ण बाह्यांचा घट्ट टी-शर्ट घाल, गुडघ्यामागे आणि भांगात झिंक ऑक्साइडचं क्रीम लाव. साध्या क्रीममधली काही रसायनं प्रवाळाला मारतात. यूएस व्हर्जिन आयलंड्सने 2020 मध्ये आणि हवाईने 2021 मध्ये तसल्या क्रीमच्या विक्रीवर बंदी लागू केली.

दिसेल काय? जाहिरातीतले रंग दिसतीलच असं नाही. पाणी तापलं की प्रवाळ पांढरा पडतो. 1998, 2010, 2016 आणि पुन्हा 2024 मध्ये लक्षद्वीपच्या प्रवाळाने तो मार खाल्लाय. त्यामुळे काही ठिकाणी नुसते तपकिरी-करडे दगड दिसतील. तिथेच थांब. हात-पाय हलवू नकोस, नुसती तरंगत राहा. दोन मिनिटांत दगडामागून मासे बाहेर येतात. चोच असलेला निळा-हिरवा पोपटमासा दगड खरवडत असेल, त्याचा कुडुम-कुडुम आवाज पाण्यात ऐकू येतो. खाल्लेल्या प्रवाळाचं पीठ तो मागून सोडतो, आणि किनाऱ्यावरच्या त्या पांढऱ्या वाळूत बराच वाटा त्याचा आहे. गवतावर चरणारं हिरवं कासवही अगत्तीला दिसतं. त्याचा पाठलाग करू नकोस, त्याला श्वासाला वर यायचं असतं. माशांना बिस्किटं टाकू नकोस.

गावातून फिरताना अंगभर कपडे घाल. अगत्ती साध्या, धार्मिक मुसलमान माणसांचं गाव आहे. दारू तिथे चालत नाही. फ्लेमिंगो बघायला खाडीवर येणारे आपल्या दारात गाड्या लावतात, बाटल्या टाकून जातात, तेव्हा आपण काय बोलतो ते तुला माहीत आहे. तिकडच्या लोकांना ते बोलायची पाळी आणू नका.

शिंपले, प्रवाळ काही उचलायचं नाही. मेलेला तुकडाही नाही. कठीण प्रवाळ 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. सुंदर नक्षीचा कोनासारखा शंख तर मुळीच हातात घेऊ नकोस, आतला जीव विषारी नांगी मारतो. आमच्यासाठी काही आणायचंच असेल तर तिथला सुकवलेला टुना मिळतो, त्याला ‘मास’ म्हणतात. तो आण. पाव किलो पुरे.