स्पेक्ट्रोस्कोपी करून पोट भरतं का?

बारावीचा निकाल लागतो, मार्क चांगले असतात आणि मुलगी जाहीर करते, 'मला इंजिनिअरिंग नको, फिजिक्स करायचंय. किंवा केमिस्ट्री.' घरात शांतता पसरते. मग काका विचारतात, 'म्हणजे पुढे शिक्षिका होणार का?' प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. मूलभूत विज्ञान म्हणजे सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा नेमकं काय करायचं, हेच बहुतेक घरांत कोणी पाहिलेलं नसतं. डॉक्टर काय करतो ते दिसतं, वैज्ञानिक काय करतो ते दिसत नाही. म्हणून या लेखात सगळं विज्ञान न घेता त्याची एकच गल्ली घेऊ: साध्या, दोन-तीन अणूंच्या रेणूंची रचना त्यांच्या वर्णपटावरून शोधणं. यालाच रेणवीय स्पेक्ट्रोस्कोपी म्हणतात.

कार्बन मोनॉक्साइड घ्या. एक कार्बन, एक ऑक्सिजन, बस्स. हवा काढून टाकलेल्या नळीत हा वायू अगदी थोडा सोडला आणि त्यातून मायक्रोवेव्ह लहरी पाठवल्या, तर ११५.२७१ गिगाहर्ट्झला तो त्या शोषतो. पुढे २३०.५३८ ला आणि मग ३४५.७९६ ला. अधल्यामधल्या वारंवारतांकडे तो ढुंकूनही बघत नाही. रेणू गिरकी घेतो खरा, पण हव्या त्या वेगाने नाही. काही ठरावीक ऊर्जाच त्याला चालतात, आणि एका ऊर्जेवरून दुसरीवर जायला जेवढं लागतं तेवढंच तो उचलतो. पहिल्या आकड्यावरून त्याचा मोमेंट ऑफ इनर्शिया निघतो. तो अकरावी-बारावीच्या पुस्तकातलाच. दोन्ही अणूंची वस्तुमानं माहीत असतात, म्हणून त्यांच्यातलं अंतरही निघतं: सुमारे १.१३ अँगस्ट्रॉम. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग. कोणीही न पाहिलेल्या वस्तूची लांबी एका आकडेमोडीत हाती आली.

आता विद्यार्थ्यांनी कॅल्क्युलेटर काढावा. ११५.२७१ ची दुप्पट २३०.५४२ होते. प्रयोगात मिळाले २३०.५३८. साधारण ४ मेगाहर्ट्झ कमी. तिप्पट करून पाहिली, तर तूट आणखी वाढते, १७-१८ मेगाहर्ट्झवर जाते. उपकरणाचा दोष? नाही. रेणू जोरात फिरू लागला की दोन अणू किंचित लांब सरकतात, बंध ताणला जातो आणि रेषा जरा खाली घसरते. त्या तुटीवरून बंध किती ताठ आहे याचाही अंदाज येतो. 'एवढ्याशा फरकाने काय होतं?' असं म्हणून जो पान उलटतो त्याने दुसरं काहीतरी करावं. ज्याला ते ४ मेगाहर्ट्झ रात्री झोपताना आठवतात, तो या क्षेत्राचा उमेदवार. माझ्या मते अभिरुची चाचण्यांवर हजारो रुपये खर्च करण्यापेक्षा ही परीक्षा जास्त खरी आहे.

हीच ११५ गिगाहर्ट्झची रेषा १९७० साली विल्सन, जेफर्ट्स आणि पेन्झियास यांना मृग नक्षत्रातल्या, म्हणजे ओरायनच्या तेजोमेघाकडून येताना सापडली. आकाशगंगेतला थंड वायू कुठे साठलाय, तारे कुठे जन्माला येतायत, याचे नकाशे आजही बऱ्याच अंशी या रेषेवरून काढले जातात, कारण तिथे बहुसंख्येने असलेला हायड्रोजनचा रेणू अशा थंडीत जवळपास गप्प असतो.

रेणू फिरतो तसा कंपही पावतो, आणि ती गोष्ट अवरक्त म्हणजे इन्फ्रारेड प्रकाशात दिसते. एमएस्सीच्या प्रयोगशाळांत ठिकठिकाणी करून घेतला जाणारा हायड्रोजन क्लोराइडचा प्रयोग यासाठी उत्तम. साडेतीन मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास ओळीने टोकदार शिखरं दिसतात आणि बरोबर मध्ये एक रिकामी जागा. चांगल्या उपकरणावर नीट पाहिलं तर प्रत्येक शिखराशेजारी सुमारे एक तृतीयांश उंचीचं धाकटं शिखर असतं. निसर्गात क्लोरीनचे दोन समस्थानिक असतात, ३५ आणि ३७ वस्तुमानाचे, साधारण तीनास एक प्रमाणात. ते दुसरं शिखर जड क्लोरीनचं. दोन्ही रेणूंच्या प्रभावी वस्तुमानातला फरक हजारात दीड भाग, तरी कागदावर तो स्वच्छ उमटतो. आठवीत पाठ केलेला ३५.५ हा अणुभार कुठून आला, हे त्या दिवशी समजतं.

नायट्रोजनसारखा रेणू मात्र या खेळात येत नाही. दोन्ही टोकं सारखी, त्यामुळे मायक्रोवेव्ह आणि अवरक्त दोन्ही प्रकाश तो जवळजवळ सरळ जाऊ देतो. इथे सी. व्ही. रामन उपयोगी पडतात: रेणूवरून विखुरलेल्या प्रकाशाची वारंवारता किंचित बदलते आणि त्या बदलातून रेणूचं फिरणं कळतं. कोलकात्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये २८ फेब्रुवारी १९२८ रोजी हाती आलेला रामन परिणाम वर्षभरात कुठे पोहोचला बघा. १९२९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पासाडेना इथे फ्रँको रासेत्ती या इटालियन शास्त्रज्ञाने त्याच पद्धतीने नायट्रोजनच्या फिरण्याचा वर्णपट घेतला. रेषा एक ठळक, एक फिकी, अशा आलटून पालटून आल्या. पण ठळक असायला हव्या होत्या त्या फिक्या निघाल्या. कोणत्या रेषा ठळक, हे अणुकेंद्रातल्या कणांची संख्या सम की विषम यावर ठरतं. त्या वेळच्या समजुतीप्रमाणे नायट्रोजनच्या अणुकेंद्रात १४ प्रोटॉन आणि ७ इलेक्ट्रॉन असायचे, एकूण २१ कण, विषम संख्या. वर्णपट सांगत होता की संख्या सम असली पाहिजे. हायटलर आणि हर्झबर्ग यांनी हा विसंवाद लगेच दाखवून दिला. १९३२ मध्ये चॅडविकना न्यूट्रॉन सापडला आणि हिशेब जुळला: ७ प्रोटॉन, ७ न्यूट्रॉन, एकूण १४. हवेतल्या साध्यासुध्या वायूच्या रेषांची ठळक-फिकी पाळी अणुकेंद्राच्या आतली बातमी सांगत होती. पुढे याच गेरहार्ड हर्झबर्ग यांना १९७१ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. शिक्षण मात्र त्यांचं भौतिकशास्त्राचं. 'फिजिक्स घेऊ की केमिस्ट्री?' या प्रश्नावर इतक्या बैठका झडतात, त्यांना हे एक उदाहरण पुरे. या गल्लीला दोन्ही बाजूंनी दारं आहेत.

भारतातही ही परंपरा नवी नाही. कार्बन मोनॉक्साइडच्या वर्णपटातल्या एका पट्टमालिकेला जगभर 'असुंडी बँड्स' म्हणतात, ते आर. के. असुंडी यांच्या नावावरून. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये ई. अरुणन यांच्या गटाने मायक्रोवेव्ह स्पेक्ट्रोमीटर उभारला. हायड्रोजन बंधाची २०११ मध्ये मान्य झालेली आंतरराष्ट्रीय व्याख्या ठरवणाऱ्या मंडळींचं नेतृत्वही त्यांच्याकडे होतं. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीत आणि इंदूरच्या सिंक्रोट्रॉनवर हे काम चालतं.

आता पोटाचा प्रश्न. चंद्रावर पाण्याच्या खुणा सापडल्याचं २००९ मध्ये जाहीर झालं, ते चांद्रयान-१ वरच्या नासाच्या उपकरणाला ३ मायक्रॉनच्या आसपास शोषण दिसल्यामुळे. पण सगळ्यांना चंद्र मिळत नाही, म्हणून जमिनीवर या. औषध कंपनीत आलेला पॅरासिटामॉलचा कच्चा माल खरोखर पॅरासिटामॉलच आहे का, हे ओळखण्यासाठी अवरक्त वर्णपट प्रमाण नमुन्याशी ताडून बघतात. गोव्यापासून तारापूर-अंकलेश्वरपर्यंत औषध आणि रसायन कारखान्यांच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) आणि ॲनालिटिकल विभागांत हे रोजचं काम आहे. ऑपरेशन थिएटरमध्ये पेशंटच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र त्या रेणूच्या ४.२६ मायक्रॉनच्या पट्ट्यावर चालतं. हवेतला ओझोन मोजणारी यंत्रं २५४ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशावर चालतात. पुण्याची आयआयटीएम ही संस्था 'सफर' या प्रकल्पातून हवेच्या गुणवत्तेवर काम करते. मुंबईत कलिन्याला मुख्यालय असलेल्या राज्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळाही या यादीत आहेत. शिवाय उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांना ॲप्लिकेशन सायंटिस्ट लागतात, म्हणजे यंत्र विकल्यावर ग्राहकाला ते नीट चालवून दाखवणारा आणि चुकीचा वर्णपट का आला ते सांगू शकणारा माणूस. चार मेगाहर्ट्झची तूट ज्याच्या नजरेतून सुटत नाही, त्याची किंमत इथेही होते. एमएस्सी झालेली, पण कधी स्वतः यंत्र उघडून न बघितलेली मुलं मुलाखतीत इथेच अडतात.

रस्ता कसा? पहिली गोष्ट, अकरावीत गणित सोडू नका. नीटच्या तयारीला वेळ मिळावा म्हणून गणिताला रजा देण्याची पद्धत आपल्याकडे रुजली आहे. नीटला अपयश आलं की मग 'मूलभूत विज्ञान बघू' म्हणतात, तेव्हा फिजिक्सचं दार बंद झालेलं असतं. बारावीनंतर पुण्यासह सात आयसरसाठी आयएटी ही परीक्षा, आणि भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबई विद्यापीठ-अणुऊर्जा विभागाच्या केंद्रासाठी नेस्ट. यात नंबर लागला नाही तर आभाळ कोसळत नाही. चांगल्या कॉलेजात बीएस्सी करून आयआयटी जॅम देता येते आणि त्यावर आयआयटी मुंबईला एमएस्सी करता येतं. पुढे पीएचडीच्या प्रवेशासाठी नेट, गेट, जेस्ट या परीक्षा. भाभा केंद्राचं १९५७ पासून चालू असलेलं ट्रेनिंग स्कूल हा वेगळा मार्ग: वर्षभराचं पगारी प्रशिक्षण आणि त्यानंतर सायंटिफिक ऑफिसरचं पद. पीएचडी न करता थेट नोकरी हवी असेल तर यापेक्षा सरळ वाट मला तरी ठाऊक नाही. स्पर्धा अर्थात तशीच तगडी.

पैशाचं स्पष्ट बोलायला हवं. नेट-जेआरएफ मिळालेल्या विद्यार्थ्याला १ जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतर ४२,००० रुपये फेलोशिप आहे, वर घरभाडं. पीएचडीला पाच-सहा वर्षं लागतात. म्हणजे शेजारचा इंजिनिअर गाडी बदलत असेल तेव्हा तुमचं मूल अठ्ठाविसाव्या वर्षी प्रबंध बांधून घेत असेल, आणि त्यानंतर बहुधा दोन-तीन वर्षांचं पोस्टडॉक. कायमची प्राध्यापकी किंवा वैज्ञानिकाची जागा सगळ्यांना मिळत नाही. हे आज मान्य नसेल तर आजच बोला, तिसऱ्या वर्षाला टोमणे मारू नका. पण एक दिलासा आहे: या रस्त्याला मध्येच बाहेर पडायच्या वाटा भरपूर आहेत. एमएस्सीनंतर उद्योग, पीएचडीनंतर संशोधन-विकास विभाग, आणि क्वांटमची आकडेमोड आवडलेल्यांना प्रोग्रॅमिंग.

परदेशाबद्दलही थोडं. अमेरिकेत विज्ञानाच्या पीएचडीला साधारणपणे फी माफ असते आणि विद्यावेतन मिळतं. जर्मनीत ती बऱ्याचदा पगारी नोकरीच असते. त्यामुळे पीएचडीच्या प्रवेशासाठी कोणी एजंट लाखो रुपये मागत असेल तर खिशाला हात लावू नका.

कोणासाठी हे नाही, तेही सांगतो. ज्याला दर महिन्याला निकाल हवा असतो त्याने टाळावं. व्हॅक्यूम पंपाची गळती शोधण्यात आठवडा जातो, लेझर रुसतो, आणि मग एका दुपारी रेषा येते. ज्याला हात काळे करायला आवडत नाहीत पण गणित आवडतं, त्याच्यासाठी संगणकीय बाजू आहे. लंडनचा एक्सोमोल हा प्रकल्प दूरच्या ग्रहांच्या वातावरणात शोधायच्या रेणूंच्या रेषा गणिताने काढून ठेवतो. कोलोन विद्यापीठाचा सीडीएमएस हा रेषांचा संग्रह इंटरनेटवर कोणालाही मोफत बघता येतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड शोधून वरचे तीन आकडे स्वतः पडताळा, चौथ्या रेषेचा अंदाज आधी कागदावर लिहा आणि मग तिथली खरी किंमत बघा. दुपारभर यात रमलात, तर आईबाबांना तो कागद दाखवा.

पालकांना एक विनंती. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास नारायणगावजवळ खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीवर विज्ञान प्रदर्शन भरतं, इतर संशोधन संस्थाही दारं उघडतात. मुलांना घेऊन जा, पण यंत्रांचे फोटो काढून परतू नका. तिथल्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांना गाठा आणि विचारा: फेलोशिप वेळेवर येते का, गाइड कसे आहेत, आधीचे विद्यार्थी आज कुठे नोकरी करतात? ती पोरं खरं सांगतात.