फ्रान्सेस रिडले हॅवर्गल: गीत आणि अर्पण

शास्त्रभाग: २ शमुवेल २४:१८-२५, रोम. १२:१, २.

उपासनेत आपण जे गीत गातो त्याचा आपल्या घरातील पेटीशी काही संबंध आहे काय? एका इंग्रज बाईच्या चरित्रात ह्या प्रश्नाचे उत्तर सापडते, म्हणून ते आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

मिस हॅवर्गल ह्यांचा जन्म १४ डिसेंबर १८३६ रोजी इंग्लंडातील वुस्टरशायर परगण्यात अ‍ॅस्टली गावी झाला. त्यांचे वडील विल्यम हेन्री हॅवर्गल हे पाळक असून उपासनेच्या संगीताचे नामांकित रचनाकार होते. सहा भावंडांत फ्रान्सेस सर्वांत धाकट्या. अकराव्या वर्षी त्यांस मातृवियोग झाला. पुढे जर्मनीत ड्यूसेलडॉर्फ येथे त्यांचे काही शिक्षण झाले. इब्री व हेल्लेणी ह्या शास्त्राच्या मूळ भाषा त्या शिकल्या. स्तोत्रसंहिता, यशया आणि नव्या कराराचा बहुतेक भाग त्यांस मुखोद्गत होता. प्रकृती मात्र नाजूकच राहिली.

इ. स. १८५८ च्या जानेवारीत जर्मनीत असता, प्रभूच्या दुःखसहनाचे एक चित्र व त्याखालील वचन पाहून त्यांनी काही कडवी लिहिली. ती मनास न आल्यामुळे त्यांनी तो कागद विस्तवात टाकला. पण तो बाहेर पडला. पुढे तेच गीत वडिलांस आवडले व त्यांनी त्यास चाल लाविली. जे आपण टाकाऊ समजतो ते प्रभु राखून ठेवितो, हे येथे दिसते.

फ्रान्सेस स्वतःही चाली रचीत. १८७१ साली त्यांनी रचलेली ‘हर्मास’ ही चाल पुष्कळ गीतपुस्तकांत आली. १८७६ साली छापखान्याकडे आग लागून, एका गीतपुस्तकासाठी त्यांनी केलेले संगीताचे काम जळाले. त्याची नक्कल त्यांनी ठेविली नव्हती. तथापि कुरकुर न करता सारे काम त्यांनी पुन्हा आरंभिले.

त्यांचे सर्वप्रसिद्ध समर्पणगीत ४ फेब्रुवारी १८७४ चे. त्या पाच दिवसांसाठी आर्ली हाऊस ह्या घरी पाहुण्या गेल्या होत्या. घरात दहा माणसे. कोणी अजून प्रभूकडे वळले नव्हते, तर कोणी विश्वासी असूनही आनंदरहित होते. घरातील प्रत्येकास आशीर्वाद मिळावा अशी त्यांनी प्रार्थना केली, व ती ऐकली गेली. शेवटच्या रात्री घरच्या दोन मुली रडत असता त्यांस बोलावणे आले. त्या दोघींनी प्रभूचा स्वीकार केला तेव्हा मध्यरात्र होत आली होती. हर्षाने बाईंस झोप येईना. तेव्हा जीवन, हात, पाय, वाणी, सोनेरुपे, इच्छा, प्रीती, असे एकेक प्रभूस वाहणाऱ्या ओळी मनात जुळत गेल्या.

गीत एका रात्रीत झाले. ते आचरणात उतरण्यास वर्षे लागली. त्यांचा गळा गोड होता व सभांतून त्यांची वाहवा होई; तो गळा त्यांनी केवळ प्रभूच्या गीतांसाठी राखिला. पुढे सोन्यारुप्याची ओळ त्यांच्या अंतःकरणास टोचू लागली. १८७८ च्या ऑगस्टात त्यांनी आपले सुमारे पन्नास दागिने, पेटीसह, चर्च मिशनरी सोसायटीकडे पाठविले. आईबापांची आठवण म्हणून एकदोन साधे दागिने आणि भाचीचे चित्र असलेले एक लॉकेट, एवढेच मागे ठेविले. इतक्या आनंदाने आपण कधी पेटी बांधली नाही, असे त्यांनी कळविले. नाशिकजवळ शरणपूर वसविणारे मिशनरी ह्याच सोसायटीचे होत, हे आमच्या वाचकांस ठाऊकच आहे.

पुढच्याच वर्षी, ३ जून १८७९ रोजी, वेल्समध्ये स्वॉन्सीजवळ त्या प्रभूकडे गेल्या. वय अवघे ४२.

बंधुभगिनींनो, आम्हीही समर्पणाची गीते मोठ्याने गाऊन, धर्मदानाची थाळी पुढे येताच हात आखडला आहे. बाईंनी दागिने टाकले म्हणून प्रत्येकीने मंगळसूत्र काढून द्यावे असा ह्याचा अर्थ नव्हे. ज्याने त्याने आपली ओळ ओळखावी. कोणाची ती वेळेची असेल, कोणाची जिभेची, कोणाची भावाशी चाललेल्या बांधाच्या भांडणाची. फुकटाचे अर्पण दाविदाने नाकारिले. मग आपण काय करावे?

मननासाठी प्रश्न:
१. दाविदाने खळ्याचे मोल का दिले?
२. आपण गातो त्या गीतातील कोणती ओळ अद्याप आचरणात आलेली नाही?
३. ती ह्या आठवड्यात कशी पाळता येईल?