नव्या कोंबडीची घरघर

नागपूरच्या जरीपटक्यात तुमचे घर आहे, मागे थोडे अंगण आहे आणि आठवडी बाजारातून तुम्ही चार गावठी कोंबड्या आणल्या आहेत, असे समजा. दोन दिवस त्या मजेत दाणे टिपतात. तिसऱ्या दिवशी एक शिंकू लागते. तिच्या नाकाला चिकट पाणी येते. रात्री खुराड्याशी कान लावला तर घशातली घरघर ऐकू येते. शेजारी म्हणतात, "थंडी लागली, दुकानातून गोळी आणून पाण्यात टाका." गोळीचा विचार करण्याआधी हा आजार आला कोठून, ते पाहू.

बहुधा तो कोंबडीबरोबरच आला. मायकोप्लाझ्मा नावाचे सूक्ष्म जंतू अनेक धडधाकट दिसणाऱ्या कोंबड्यांच्या श्वासनलिकेत दबा धरून असतात. बाजारातील दाटी, पाय बांधून केलेला प्रवास, बदललेले दाणापाणी, डिसेंबरातील रात्रीचा गारठा यांनी तिची प्रतिकारशक्ती खालावते आणि जंतूंचे फावते. म्हणून आणल्यापासून पहिले काही दिवसच धोक्याचे असतात.

पक्ष्यांची श्वसनाची रचनाही येथे ध्यानात घ्यावी. कोंबडीला आपल्यासारखे श्वासपटल नसते. तिच्या फुप्फुसांना पातळ पडद्यांच्या आठ-नऊ हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात आणि त्या पोटापर्यंत पसरतात. छातीचा भाता हलला की या पिशव्यांतून हवा फुप्फुसात एकाच दिशेने वाहते. म्हणूनच कोंबडी छातीशी घट्ट आवळून धरली तर ती गुदमरू शकते. या पिशव्यांना रक्तपुरवठा फार थोडा असतो. तेथे रोग पोहोचला की औषध मात्र तेथवर नीट पोहोचत नाही, आणि आजार रेंगाळतो.

पहिला उपाय औषधाचा नव्हे, जागेचा आहे. आजारी कोंबडी लगेच वेगळी करा. घरी आधीच्या कोंबड्या असतील तर नव्या चारही त्यांच्यापासून तीन ते चार आठवडे दूर ठेवा. दाणापाणी आधी जुन्यांना, मग नव्यांना आणि शेवटी आजारी कोंबडीला द्या. नंतर साबणाने हात धुवा. भांडी व चपला वेगळ्या असाव्यात. तिला ऊब द्या, पण गोणपाटांनी खुराडे चारी बाजूंनी बंद करू नका. हा चुकीचा प्रकार थंडीत सर्रास दिसतो. ओल्या तुसातील विष्ठेपासून अमोनिया वायू निघतो आणि श्वासनलिकेतील धूळ व जंतू बाहेर लोटणारी बारीक लव तो निकामी करतो. तुम्हीच खाली वाकून कोंबडीच्या उंचीवर नाक न्या. डोळे चुरचुरले तर तूस आजच बदला.

आता औषध. घरघर एकच असली तरी कारणे अनेक असतात. चेहरा सुजून नाकातील स्रावाला घाण वास येत असेल, तर कोरायझा या जिवाणुजन्य रोगाची शंका येते. हिरवट हगवण, धाप आणि मान वाकडी होणे ही राणीखेतची, म्हणजे आपल्याकडच्या मानमोडीची लक्षणे. ती विषाणूमुळे होते. तिच्यावर प्रतिजैविक चालत नाही. निरोगी पक्ष्यांना वेळेवर लस टोचणे एवढेच हाती असते. मायकोप्लाझ्माची गंमत आणखी निराळी. पेनिसिलिन जिवाणूंच्या पेशीभित्तिकेची बांधणी रोखते, पण या जंतूला पेशीभित्तिकाच नसते! तेथे टायलोसिनसारखी, जंतूची प्रथिननिर्मिती थांबवणारी औषधे लागतात. अंदाजाने टाकलेल्या गोळीला अर्थ का नाही, हे यावरून कळेल. औषध आणि मात्रा पशुवैद्यकाने ठरवावी. अंडी किती दिवस खायची नाहीत, हेही त्यांनाच विचारावे. नागपुरात सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तेथे आजारी पक्षी दाखवता येतो.

औषधाने घरघर थांबली तरी मायकोप्लाझ्मा शरीरातून पूर्णपणे जातोच असे नाही. बरी झालेली कोंबडी जन्मभर वाहक राहू शकते आणि तिच्या अंड्यातून पिलांतही जंतू उतरतात. तिला ठेवायचे असेल तर नवे पक्षी आणणे थांबवा आणि तिची अंडी उबवायला बसवू नका.

एका दिवसात एकाहून अधिक कोंबड्या मेल्या, तुरे निळे पडले, तर मात्र घरगुती उपचार करत बसू नका. मार्च २०२४ मध्ये नागपूरच्याच शासकीय अंडी उबवणी केंद्रात बर्ड फ्लू आढळला आणि सुमारे साडेआठ हजार कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. भोपाळच्या प्रयोगशाळेत त्यांच्या नमुन्यांत याच रोगाचा एच५एन१ विषाणू सापडला. मेलेल्या कोंबडीला उघड्या हाताने शिवू नका, ती कापू नका, मांजराकुत्र्यापुढे टाकू नका. पशुसंवर्धन खात्याच्या दवाखान्याला कळवा आणि त्यांचा माणूस येईपर्यंत बाकीच्या कोंबड्या कोणाला देऊ किंवा विकू नका.