रंगपरिचयाच्या पाठात डोळ्याचा विचार

दोंडाईचाच्या बाजारातील मिरचीचे ढीग व रावेरकडील केळीचे घड पाहिलेल्या मुलास लाल, हिरवा, पिवळा ही नावे निराळी शिकवावी लागत नाहीत. रंग दिसतो कसा, हे मात्र त्याला शिकविले पाहिजे.

वस्तूवर पडलेल्या प्रकाशापैकी काही भाग ती शोषून घेते व उरलेला परत पाठविते. तो डोळ्याच्या दृष्टिपटलावर पडतो. तेथील तीन प्रकारच्या शंकुपेशी कमीअधिक उद्दीपित होतात व त्यावरून मेंदू रंग ठरवितो. अंधुक प्रकाशात या पेशींचे काम मंदावते. म्हणूनच तिन्हीसांजेला अंगणातील लाल मिरची काळपट दिसू लागते. हे मुलांनी पाहिलेलेच असते. शिक्षकाने केवळ कारण विचारावे.

शेजारच्या रंगानेही डोळा फसतो. राखाडी कागदाचे दोन सारखे तुकडे, एक तांबड्या व दुसरा हिरव्या कागदावर ठेवावा. पहिल्यात हिरवट, दुसऱ्यात तांबूस झाक भासेल. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यातील काळे सूत फिके दिसते, ही तक्रार तपासताना शेव्रल या रसायनशास्त्रज्ञास दोष रंगात नसून शेजारात आहे असे आढळले. त्याचा ग्रंथ 1839 मध्ये निघाला.

आता एखादा मुलगा झाडाची पाने तपकिरी रंगवितो. त्याला निष्काळजी ठरवून छडी उगारण्यापूर्वी थांबावे. त्याच्या शंकुपेशींपैकी एक प्रकार जन्मतः सदोष असू शकेल. अणुसिद्धान्त मांडणाऱ्या डाल्टनने आपल्याच दृष्टीतील हा दोष 1794 मध्ये मँचेस्टर येथे विद्वानांपुढे मांडला होता. बुद्धीशी त्याचा संबंध नाही. हा दोष बहुधा आईकडून मुलग्यात येतो, मुलींत क्वचितच आढळतो. युरोपीय वंशाच्या पुरुषांत तो सुमारे बारांत एकास असतो.

अशा मुलास चारचौघांत रंग ओळखावयास लावू नये. काळ्या फळ्यावरील लाल खडूची अक्षरे त्याला नीट दिसत नाहीत. पांढरा किंवा पिवळा खडू वापरावा. त्याच्या रंगकांड्यांवर नावे लिहून द्यावीत. नकाशातील भाग केवळ लाल व हिरव्या रंगांनी वेगळे न दाखविता त्यांवर रेघा व ठिपकेही काढावेत. नंतर पालकांस विश्वासात घेऊन नेत्रतपासणीस पाठवावे. तेथे ठिपक्यांच्या चित्रांतून अंक ओळखावयास देतात. ही इशिहारा पद्धती 1917 पासूनची आहे. भुसावळच्या परिसरातील पुष्कळ मुले इंजिनचालक होण्याची स्वप्ने पाहतात, आणि त्या नोकरीस निर्दोष रंगदृष्टी लागते. हे चौथीतच कळले, तर दुसरी वाट निवडण्यास मुलाजवळ वर्षे असतात.